नऊ फरश्यांची रिक्षा

खाणीत उतरायला मुद्दाम केलेल्या अशा पायऱ्या नाहीत. थर काढता काढता माणसं जिथं थांबली तिथं आपोआप पायऱ्या पडल्यात. एक गुडघ्याएवढी, तर पुढची कमरेएवढी. मी बसत, घसरत, हात टेकत खाली येतो. खाली वारा नाही. फाल्गुन नुकता लागलाय, सकाळचे आठ वाजलेत, आणि शाबादच्या दगडाला आत्ताच ऊन चढलंय. शहाबाद हे नाव स्टेशनच्या पाटीपुरतं. इथं सगळ्यांच्या तोंडी शाबादच.

एक तरुण रुळावरून चालणारं करवतीचं यंत्र ढकलतोय. खाणीच्या सपाट तळावर ते आधी उभ्या रेघा कापत जातं, मग आडव्या, दर दोन फुटांवर एक. पात्यावर पाणी सोडलेलं आहे, पण ते पुरत नाही. मागून निम्मा चिखल आणि निम्मा धुरळा उडतो. यंत्र पुढं सरकलं की मागं दोघं उकिडवे बसतात. कडेच्या फटीत छिन्नी, वर हातोड्याचे हलके ठोके. चार-पाच ठोके पडतात आणि आवाज बदलतो. टणटण होतं ते एकदम बद्द होतं. मुकादम पाठमोरा उभा आहे, विडी पेटवतोय. मान न वळवता तो म्हणतो, "सुटली." पहारीनं उचललं की दोन बाय दोनची, इंचभर जाडीची फरशी अखंड वर येते आणि तिच्या खाली तशीच दुसरी तयार असते.

हा भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक. पृथ्वीवर मासासुद्धा जन्मला नव्हता तेव्हाच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला हा गाळ. पुढं दख्खनच्या लाव्हानं त्यातला बराचसा झाकला. जो उघडा राहिला तो शाबाद, वाडी, चित्तापूर, सेडमचा पट्टा. थर इतके सरळ, की इथं फरशी घडवावी लागत नाही, नुसती सोडवायची. पुण्याच्या वाड्यांची अंगणं, मुंबईच्या चाळींतल्या मोऱ्या, सोलापूर-लातूरकडचे स्वयंपाकाचे ओटे, नदीकाठच्या घाटांवरचे दगड, सगळीकडं हीच शहाबादी. 1871 च्या सुमाराला मुंबईहून रायचूरकडं जाणारी रेल्वे इथून गेली आणि दगडाला पाय फुटले.

मी मात्र फरशीसाठी आलेलो नाही. मी आलोय बॅटरीच्या निमित्तानं. जुलै 2024 मध्ये केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं, की अणुखनिज संचालनालयाला कर्नाटकात मंड्या आणि यादगीर या दोन जिल्ह्यांत लिथियम सापडलंय. मंड्यातल्या मर्लगल्ल्याचा अंदाज 1,600 टनांचा. यादगीरला सध्या नुसती पाहणी आणि थोडंफार बोअर मारणं. यादगीर 2009 च्या अखेरीपर्यंत याच गुलबर्गा जिल्ह्याचा भाग होता. आता जिल्हा वेगळा, गुलबर्ग्याचं नावही कलबुर्गी झालं, पण लग्नं, बाजार, कोर्टकचेऱ्या अजून एकातच आहेत. त्यामुळं बॅटरीची खाण कशी असते हे इथं कुणाला माहीत नसलं, तरी खाण काय असते हे मात्र अख्ख्या मुलखाला ठाऊक आहे. तेच बघायचं म्हणून मी इथून सुरुवात केली.

"काय लिहून घ्यायलालाव, सर?"

प्रश्न मराठीत येतो तेव्हा मी दचकतो. डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेली पन्नाशीची बाई आहे. बोली ओळखीची, उदगीर-औरादकडची. ती बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातली निघते. 1956 साली बिदरचे तुकडे झाले, उदगीर-अहमदपूर-निलंगा आजच्या महाराष्ट्रात गेले, औराद-भालकी आजच्या कर्नाटकात आले. माणसं होती तिथंच राहिली आणि पाऊसही तेवढाच, म्हणजे तोकडा, पडत राहिला. तिचा दीर उसाच्या टोळीत जातो, भाऊ हैदराबादला गवंडी आहे आणि ती नवऱ्याबरोबर इथं. दोघांनी मिळून फरश्या ट्रॅक्टरपर्यंत न्यायच्या. मजुरी फुटावर.

"एकीचं वजन किती?"

"मोजलंय कोन? पोरगं आठ-नऊ वरसांचं असतंय बगा, तेवढं."

मी मनात हिशोब करतो. दोन बाय दोन, इंचभर जाड, म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास. तिचा अंदाज अचूक आहे. तळहाताला तिनं सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेत. फरशीची ताजी कड पात्यासारखी कापते. पायात रबरी चपला. हेल्मेट मुकादमाच्या मोटारसायकलच्या आरशाला अडकवलेलं आहे, तेही मोटारसायकलचंच.

"दवाखाना?"

"खोकला तर हायेच की." ती एवढंच म्हणते आणि पुढची फरशी उचलायला वाकते. देशात खाणकामगारांसाठी कायदा आहे, त्यांच्या ठरावीक काळानं होणाऱ्या तपासण्या त्यात आहेत, सिलिकोसिस झाला तर कळवण्याची सक्ती आहे. पण त्यासाठी आधी माणूस कामगार म्हणून कुठल्यातरी वहीत असावा लागतो. हिची वही म्हणजे मुकादमाच्या खिशातली, बोटाएवढी, वरून तेलकट झालेली डायरी. त्यात फूट लिहिलेले असतात, नाव नसतं.

खाणीच्या वर पॉलिशचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, गोल फिरणारं यंत्र आणि न थांबणारं पाणी. घासलेल्या दगडाची पूड त्या पाण्याबरोबर दुधासारखी वाहत नाल्याला जाते. वाळली की तिची पपडी होते, वाहनांखाली पपडीची पूड होते, आणि वारा सुटला की ती पूड बाजूच्या रानात जाऊन बसते. रान तुरीचं. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली जीआय मानांकन मिळालंय, आणि इथला शेतकरी तुम्हाला अभिमानानं सांगेल, की आमच्या डाळीची चव खालच्या चुनखडीमुळं आहे. तीच चुनखडी काढायला वरची काळी माती आधी खरवडून फेकावी लागते. आत्ता रानात तूर नाही; बांधावर तुराट्यांचे भारे रचलेत आणि त्यांच्यावर पांढरी साय आहे.

सोडलेल्या खाणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. एकीत हिरवं पाणी, कडेला कपडे धुणाऱ्या बाया. पलीकडच्या उभ्या कड्यावरून तीन पोरं धडाधड उड्या टाकतायत. कुंपण नाही, पाटी नाही. तळ किती खोल आहे विचारलं तर त्यांतला सगळ्यात लहान ओरडून सांगतो, "तळच नाही!" त्याला यात मोठी मौज वाटते. धुणारी बाई सांगते, पावसाळ्यात कड ढासळते, गेल्या वर्षी म्हैस गेली. म्हशीचे पैसे कुणाकडं मागायचे? खाण ज्याची होती तो ती विकून गेला, ज्यानं घेतली त्यानं पुढं दिली. खड्डा तेवढा कायम राहिला. मी बघतो त्या पंचवीस-तीस खड्ड्यांपैकी एकही भरलेला दिसत नाही. तुटक्या फरश्यांचे ढीग मात्र खड्ड्यांच्या काठावरच पडलेत. भरायचं सामान दहा पावलांवर आहे, पण ते ढकलायला येणारा डिझेलचा खर्च कुणी कुठल्या हिशोबात धरलेला नाही.

स्टेशनकडं परतायला बॅटरीवरची रिक्षा मिळते. हिरवी पाटी, आत चार जणांची बाकडी, वर चिमुकला पंखा. चालवणारा पस्तिशीचा. दहा वर्षं खाणीत करवतीचं यंत्र चालवलं, मग कर्ज काढून ही घेतली. आवाज नाही, धूर नाही, आणि रात्री घरच्या प्लगला लावली की सकाळी तयार. "खाण से अच्छा हय, सेठ," तो म्हणतो, आणि मग मी मराठी आहे हे कळल्यावर मराठीत येतो. त्याची आई सोलापूरची. "फुप्फुस वाचलं माझं. आता ही रिक्षा काढून घेतो म्हणलं कुणी तर भांडीन मी."

हे नोंदवून ठेवायला हवं. विजेच्या वाहनांविरुद्ध लिहायला बसलेला माणूस अशा वाक्यापाशी अडखळायला पाहिजे. कलबुर्गीच्या सुपर मार्केटजवळ संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहून बघा, जुन्या रिक्षांचा धूर डोळ्यांत चरचरतो. मला ही रिक्षा हवी आहे. फक्त तिचा हिशोब पुरा मांडायला हवा.

तो विचारतो, "यादगीरला याचा माल निघालाय म्हणतात, खरं का?"

मग आम्ही स्टेशनबाहेर चहाच्या गाड्यापाशी त्याच्या रिक्षाचा हिशोब मांडतो. बॅटरी साधारण आठ-नऊ युनिटांची. एवढीला लिथियम लागतं किलोभर. मर्लगल्ल्याला जो दगड आहे त्याचं नाव स्पोड्युमीन. अशा दगडात शंभर किलोमागं एक-दीड किलो लिथियम ऑक्साइड असलं तरी खाण चांगली समजतात. तो दळायचा, वेगळा करायचा, हजार अंशांच्या वर भाजायचा, गंधकाच्या तेजाबात शिजवायचा, तेजाब मारायला पुन्हा चुनखडी घालायची. मधली गळती धरली तर त्याच्या रिक्षातल्या किलोभर लिथियमसाठी सव्वादोनशे किलो दगड फुटतो. वरची माती आणि फुकट जाणारा दगड वेगळा.

तो बोटांवर मोजतो. त्याला किलोत मोजायची सवय नाही. "म्हणजे नऊ फरश्या."

"नऊ फरश्या."

"बस्स?" त्याला ते फारच कमी वाटतं. दहा वर्षांत त्यानं किती हजार फरश्या कापल्यात याचा त्याच्याकडंही हिशोब नाही. "मग एवढा बोभाटा कशाला?"

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर नऊ फरश्यांत नाही. फरशीत दगड तुमच्या घरी येतो. बॅटरीच्या दगडातलं नव्याण्णव टक्के खाणीपाशीच राहतं, तेही पीठ होऊन, काही तेजाबातून निघून, बांध घातलेल्या तळ्यात. त्या तळ्याचं पाणी पुढं कुठं मुरतं हा खरा प्रश्न. आणि रिक्षात काही नुसतं लिथियम नसतं. तांबं असतं, ग्राफाइट असतं, फॉस्फेट असतं. याची बॅटरी लोह-फॉस्फेटची आहे, तिच्यात कोबाल्ट नाही, म्हणजे कोंगोतल्या कोलवेझीच्या मातीत हातानं भुयारं खणणाऱ्यांचा या रिक्षाशी थेट संबंध नाही. जगाचा जवळजवळ सत्तर टक्के कोबाल्ट त्या एका देशातून येतो, आणि तिथल्या हातखाणींत लहान पोरं राबतात हे ॲम्नेस्टीनं 2016 साली जगापुढं मांडलं होतं. तो कोबाल्ट या रिक्षात नसला तरी मी ज्या फोनवर हा हिशोब करतोय त्याच्या बॅटरीत आहे. रिक्षावाला माझ्या फोनकडं बघतो आणि चहाचे पैसे मला देऊ देत नाही. का, ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सेडम तालुका. या भागात सिमेंटचे कारखाने इतके जवळजवळ आहेत, की एकाच्या चिमण्या नजरेआड होण्याआधी दुसऱ्याच्या दिसायला लागतात. वाटेत मळखेड लागतं. राष्ट्रकूटांची राजधानी, अमोघवर्षाचं मान्यखेट. आता कागिणा नदीच्या काठी किल्ल्याचे अवशेष आणि क्षितिजावर कन्व्हेयरचे पट्टे. मी थांबत नाही.

ज्या गावात थांबतो तिथं दुपारी भोंगा वाजतो. पारावरची माणसं बोलायची थांबतात, पण उठत कुणी नाही. थोड्या वेळानं जमिनीतून एक धक्का येतो, पायांतून पोटात जातो, आणि मागाहून आवाज. पिंपळावरचे बगळे उडतात, एक चक्कर मारून पुन्हा त्याच फांदीवर बसतात. त्यांनाही सवय झाली आहे. लोक मला घरं दाखवायला नेतात. भिंती दगड-मातीच्या, दगड अर्थात इथलाच. तडे कोपऱ्यांतून निघून खिडकीपर्यंत गेलेत. एका घरात तड्यावर पेन्सिलीनं आडव्या खुणा आणि तारखा आहेत. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं दोन वर्षं तडा मोजलाय. इतका शिस्तशीर पुरावा मी एखाद्या सरकारी अहवालातही क्वचित पाहिलाय. ती कन्नड माध्यमात शिकते, आणि माझ्यासाठी तिचे वडील भाषांतर करतात, अर्धं मराठी, अर्धं दख्खनी.

खाण वाढवायची होती तेव्हा इथं जनसुनावणी झाली. ती हकिगत सगळ्यांना एकदम सांगायची असते. मैदानात मांडव, बसायला खुर्च्या, मंचावर अधिकारी, भोवती पोलीस. पुढच्या रांगांत ओळखीचं कुणी नाही. ती माणसं ट्रॅक्टरनं आणलेली. जेवण होतं. भात चांगला होता, यावर एकमत आहे. गावातल्या सात-आठ जणांना माइक मिळाला. एकानं विहिरीचं सांगितलं, एकानं तड्यांचं, एक म्हातारी नुसती रडली. सगळं लिहून घेतलं. खाण वाढायची ती वाढलीच.

"मग काय फायदा झाला?" मी विचारतो.

मुलीचे वडील जरा थांबून म्हणतात, "रस्त्यावर पाणी मारतात आता. दिवसातून तीन वेळा. सुनावणीच्या कागदात आलं होतं ना ते."

तेवढंच. आणि तेवढं तरी. मी तो टँकर स्वतः बघतो. मागच्या नळीतून पाणी सांडत तो गावातून जातो आणि धुरळा थोडा वेळ खाली बसतो. एका मांडवाची, एका जेवणाची आणि एका रडणाऱ्या म्हातारीची ही कमाई. शिवाय कायद्याप्रमाणं रॉयल्टीच्या वर काही हिस्सा जिल्हा खनिज निधीत जातो. 2015 पूर्वीच्या पट्ट्यांना तीस टक्के, लिलावातल्यांना दहा. त्यातून शाळेला खोली मिळाल्याचं ऐकतो. खोलीचा रंग नवा आहे. तिलाही एक बारीक तडा आहे, पण तो रंगाचाच असेल.

सन्नतीला मी वाट वाकडी करून जातो. भीमेच्या काठी चंद्रलांबेचं देऊळ. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचं हे कुलदैवत. 1986 मध्ये आवारातल्या काली मंदिराचं छत कोसळलं आणि मूर्तीखालच्या शिळेवर अशोकाचे लेख निघाले. जवळच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपात याच चुनखडकावर राजा आणि राणी कोरलेत आणि वर ब्राह्मीत त्याचं नाव घातलंय, राया असोको. दोन हजार वर्षांपूर्वी या दगडाला लोकांनी इतक्या नाजूकपणे हात लावला होता.

देवळाबाहेर हिरव्या पाटीची एक मोटार उभी आहे, पुण्याची. आजी, आजोबा, मुलगा, सून, नातू असा सगळा गोतावळा ओटी भरायला आलाय. मुलगा माझ्याकडं येऊन विचारतो, "काका, जवळ चार्जर कुठं असेल? कलबुर्गीशिवाय नाही ना?" गाडीबद्दल तो फार प्रेमानं बोलतो. पर्यावरणासाठी घेतली, डिझेलची विकली. बॅटरी किती युनिटांची, विचारतो. पन्नास. म्हणजे लिथियम पाच किलो, दगड अकराशे-साडेअकराशे किलो, फरश्या पंचेचाळीस. दोन बाय दोनच्या पंचेचाळीस फरश्या म्हणजे दहा बाय अठराची एक खोली. रिक्षाच्या पाचपट, आणि माणसं मात्र बसणार तेवढीच, तीही आठवड्यातून दोनदा. मी हे त्याला बोलून दाखवत नाही. कुलदैवताच्या दारात हिशोब काढणं बरं दिसत नाही. पण दोन्ही वाहनांना सारखीच हिरवी पाटी मिळते, हे मला खटकत राहतं. सगळे धूर सोडणारे सारखे दोषी नाहीत आणि सगळे बिनधुराचे सारखे निर्दोष नाहीत. मर्लगल्ल्यातलं सगळंच्या सगळं 1,600 टन, एक कणही न सांडता, हाती आलं, तरी त्यात अशा मोटारी होतील तीन लाखांच्या आसपास. देशात वर्षाला चाळीस लाखांहून जास्त मोटारी विकल्या जातात. आपलं भागवायला मंड्या आणि यादगीर पुरणार नाही. चिली, ऑस्ट्रेलिया, चीन लागणारच आहेत. जम्मू-काश्मीरच्या रियासीत 59 लाख टन खनिज असल्याचं फेब्रुवारी 2023 मध्ये जाहीर झालं तेव्हा पेढे वाटायचं तेवढं राहिलं होतं. लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत. तेव्हा यादगीरला उद्या खाण होईलच असं नाही. पण होणार असेल तर कशी होईल, हे ठरून गेलंय.

ते कसं, हे गोगीत कळतं.

गोगी यादगीर जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. गावात चंदा हुसेनींचा दर्गा, आणि त्याच्या सावलीत आदिलशाहीचे पहिले सुलतान पुरलेले. विजापूरचे भव्य घुमट बांधणाऱ्यांचे पूर्वज इथं साध्या कबरींत झोपलेत. भीमेच्या खोऱ्याची दक्षिण कड इथं येते. चुनखडक आणि ग्रॅनाइट यांच्या सांध्यावर अणुखनिज संचालनालयाला गेल्या शतकाच्या अखेरीस युरेनियम सापडलं. मग बोअर, मग चाचणीसाठी भुयारी खाण, मग गावकऱ्यांचा विरोध. आसपासच्या पाण्यात युरेनियम मर्यादेपेक्षा जास्त असल्याचं अभ्यासांत नोंदलंय. ते खडकातून आपसूक येतं, की खोदकामानं वाढलं? गावात विचारलं तर सगळे खोदकामाकडं बोट दाखवतात. खडकात युरेनियम आहे म्हणूनच खोदकाम झालं, तेव्हा पाण्यात ते पहिल्यापासून काही ना काही असणारच, असं मला वाटतं. पण खोदायच्या आधी पाणी कसं होतं याचा कागद गावाच्या हाती नाही, आणि तो नसण्यात गावाचा काही दोष नाही.

साठीचा एक शेतकरी मला रानात नेतो. बांधाजवळ सिमेंटचा लहान चौथरा, मधून लोखंडी पाइपाचं बुजवलेलं तोंड वर आलंय. जुनं बोअर. तो त्याला वळसा घालून नांगरतो. त्याच्याबरोबरचा पुतण्या पदवीधर आहे, शहापूरला झेरॉक्सचं दुकान चालवतो. बोलणं दख्खनीत होतं, मधूनच कन्नड. लिथियमची बातमी पुतण्यानं फोनवर वाचली आहे.

"सुनावणी होईल ना?" म्हातारा विचारतो. सेडमकडच्या मांडवांची कीर्ती इथवर आलेली आहे.

मला सांगावं लागतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये कायदा बदलून लिथियम अणुखनिजांच्या राखीव यादीतून काढलं, आता त्याचा लिलाव होऊ शकतो, खासगी कंपनी येऊ शकते. 2025 च्या जानेवारीत महत्त्वाच्या खनिजांसाठी 16,300 कोटींचं राष्ट्रीय अभियान मंजूर झालं. आणि सप्टेंबर 2025 मध्ये पर्यावरण मंत्रालयानं एक ज्ञापन काढलं: अणुखनिजं आणि ही महत्त्वाची खनिजं यांच्या खाणींना जनसुनावणीची अट नाही. खाण लहान असो की मोठी, तपासणी दिल्लीलाच.

पुतण्या ते काकांना कन्नडात सांगतो. सांगायला त्याला बराच वेळ लागतो, कारण म्हातारा मधेमधे थांबवून विचारतो. मांडव नाही? नाही. माइक नाही? नाही. चुना काढायचा असेल तर विचारतात, आणि हे काढायचं असेल तर नाही?

"देशाला हे जास्त गरजेचं आहे म्हणून," पुतण्या म्हणतो. उपरोधानं म्हणतोय की सरळ, ते मला कळत नाही.

मी रस्त्यावर पाणी मारणाऱ्या टँकरची गोष्ट सांगतो. ती ऐकून म्हातारा पहिल्यांदा हसतो. मग चौथऱ्यावर बसतो आणि पुतण्याला कागद काढायला सांगतो. कागद माझ्या वहीतलाच फाडून घेतात. तो एक एक करून सांगतो, पुतण्या लिहितो. खोदायच्या आधी सगळ्या विहिरी-बोअरचं पाणी तपासा आणि त्याची प्रत पंचायतीत लावा. दगडाचं पीठ कुठं टाकणार ते जागेवर येऊन दाखवा. काम संपल्यावर खड्डा भरणार का, आणि भरणार असाल तर पैसे आधी कुठं ठेवणार. शेवटचं, हे जुनं बोअर काढून न्या, नांगराला अडतं.

"पत्ता कुणाचा घालू?" पुतण्या मला विचारतो.

मी सांगतो: पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, इंदिरा पर्यावरण भवन, जोरबाग रोड, नवी दिल्ली. तो ते लिहून घेतो, कागद काकांना वाचून दाखवतो. काका मान हलवतात, आणि मग माझ्याकडं वळून विचारतात, कन्नडात लिहिलेलं तिथं कुणी वाचेल का, की तुमच्याकडच्या कुणाकडून हिंदी करून घ्यावं लागेल.